निगेटिव्ह नाही ना, मग काळजी कसली? (आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह)

कंदीपेढा

लेक परवा तीन महिन्यांची झाली आणि हिमोग्लोबिन एकदाचं दहाच्या वर गेलं, म्हणून आज लिहायला बसलोय. याआधी दोनदा सुरुवात करून सोडून दिलं होतं.

बायको ओ पॉझिटिव्ह, मी बी पॉझिटिव्ह. पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "निगेटिव्ह नाहीये, ते एक बरं झालं." हे वाक्य आम्ही नऊ महिने उशाशी घेऊन झोपलो. रक्तगटाची भानगड म्हणजे आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह, एवढंच आम्हाला ठाऊक.

सोमवारी दुपारी चारला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, दोन किलो नऊशे, रडणं खणखणीत. मंगळवारी सकाळी नऊला माझी आई डबा घेऊन आली. बाळाला उचलून खिडकीपाशी नेलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं आणि सोडलं. मग कपाळावर. मग छातीवर. म्हणाली, "अरे, ही पिवळी दिसतेय." मी म्हटलं, तुझ्याच हाताची हळद लागली असेल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ नर्सकडे गेली.

नर्स म्हणाली, "आजी, कावीळ सगळ्याच बाळांना होते, तिसऱ्या दिवशी येते आणि जाते." आई म्हणाली, "बाई, तिसरा दिवस कुठाय? अजून पहिलाच संपला नाही."

या वाक्यावर बालरोगतज्ज्ञांना फोन गेला. दुपारी बाराला रक्त काढलं, म्हणजे जन्मापासून वीस तासांनी. बिलिरुबिन (कावीळ ज्याच्यामुळे पिवळी दिसते तो रक्तातला पदार्थ) ११.८. बाळाचा गट बी पॉझिटिव्ह. डायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट (बाळाच्या रक्तपेशींना आईची प्रतिपिंडं चिकटलीत का ते बघणारी) 'वीकली पॉझिटिव्ह', म्हणजे हलकी पॉझिटिव्ह. तासाभरात मुलगी निळ्या दिव्यांखाली होती, डोळ्यांवर काळी पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट. दर दोन तासांनी दूध, लंगोट वजन करून टाकायचा, सहा तासांनी टाचेला सुई.

बुधवारी सकाळी आकडा १५.९ आला. डॉक्टर म्हणाले, "अजून वर गेला तर रक्त बदलावं लागेल. पिशवी तयार ठेवू." मी चिठ्ठी घेऊन रक्तपेढीत धावलो. चिठ्ठीवर ओ गटाच्या पेशी आणि एबी गटाचा प्लाझ्मा असं लिहिलेलं. मला वाटलं डॉक्टर चुकले! बाळ बी आणि रक्त ओ? तिथल्या माणसाने वर न बघता विचारलं, "आईचं सॅम्पल कुठाय?" मी फक्त बाळाचं नेलं होतं. बाळाला रक्त द्यायचं आणि जुळवायचं आईच्या रक्ताशी, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. चार किलोमीटर परत, आईची नळी घेऊन पुन्हा चार किलोमीटर.

पिशवी लागली नाही. दुपारचा आकडा १५.१, रात्री १३.६. सटवीच्या पूजेचं ताट माझ्या आईने एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराबाहेर बाकड्यावर मांडलं. कोरा कागद आणि पेन ठेवून बसली. सिक्युरिटीवाल्यानेही काही हटकलं नाही.

आठव्या दिवशी घरी आलो. आम्हाला वाटलं, संपलं. चौथ्या आठवड्यात पोरगी दूध पिता पिता झोपायला लागली, ओठ फिके. हिमोग्लोबिन ८.४! डिस्चार्ज कार्डावर 'दोन आठवड्यांनी फॉलो-अप, एचबी' असं लिहिलं होतं. आम्ही ते लसीचं समजलो. फॉलिक ॲसिडचे थेंब आणि दर आठवड्याला तपासणी यावर निभावलं, रक्त द्यावं लागलं नाही.

आता माझा प्रश्न. निगेटिव्ह आईसाठी इंजेक्शन आहे, मग ओ आईसाठी का नाही? आणि नऊ महिन्यांत आम्हाला हे कुणी सांगितलं कसं नाही?

---

मोरपंखी

वाचताना पोटात गोळा आला. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. बाळाला खूप आशीर्वाद.

---

बालवैद्य

मी नवजात शिशूंचाच डॉक्टर आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या आईंचं वाक्य. पहिल्या चोवीस तासांत दिसणारी कावीळ नॉर्मल समजायची नसते, कधीच नाही. तिसऱ्या दिवसाची साधी कावीळ वेगळी, ही वेगळी. आईंनी दोन्हींतला फरक बरोबर ओळखला.

इंजेक्शन का नाही? निगेटिव्ह बाईच्या रक्तात 'डी' (पॉझिटिव्ह रक्ताच्या पेशींवरची खूण) विरुद्धची हत्यारं, म्हणजे प्रतिपिंडं, जन्मजात नसतात. पॉझिटिव्ह बाळाचं रक्त बहुधा बाळंतपणाच्या वेळी तिच्या रक्तात मिसळतं, आणि ते पाहून तिचं शरीर हत्यारं बनवायला शिकतं. म्हणून पहिलं बाळ सहसा सुटतं आणि पुढच्याला फटका बसतो. अँटी-डी इंजेक्शन त्या शिरलेल्या पेशी आधीच गुंडाळून टाकतं, शिकवणी सुरूच होऊ देत नाही.

ओ गटाच्या बाईची शिकवणी मात्र लहानपणीच झालेली असते. ए आणि बी सारखे पदार्थ आतड्यातल्या जंतूंवरही असतात, त्यामुळे ओ गटाच्या प्रत्येकाच्या रक्तात ए-विरोधी आणि बी-विरोधी प्रतिपिंडं तयारच असतात. त्यांतला आयजीएम हा प्रकार आकाराने मोठा, तो वारेतून पलीकडे जात नाही. आयजीजी जातो, आणि ओ गटाच्या बायकांमध्ये आयजीजीचं प्रमाण बऱ्यापैकी असतं. म्हणून इथे पहिलं बाळही सापडतं. शिकून झालेल्याला इंजेक्शन देऊन काय उपयोग?

सांगितलं का नाही, तर ओ आई आणि ए किंवा बी बाळ ही जोडी फार सर्रास असते, आणि बहुतेकींच्या बाळांना काहीही होत नाही. बाळाच्या पेशींवर ए-बीच्या खुणा अजून विरळ असतात, शिवाय त्या खुणा शरीरातल्या इतर पेशींवरही असल्याने आईची प्रतिपिंडं विखुरली जातात. तुमच्या लेकीसारखी बाळं थोडी. पण ती थोडी कोणती, हे आधी कळत नाही. म्हणून माझ्या मते ओ आईच्या बाळाचा गट नाळेच्या रक्तातूनच बघावा आणि बिलिरुबिन मोजल्याशिवाय बाळ घरी सोडू नये. हल्ली चोवीस तासांत घरी जायची घाई असते आणि ही कावीळ रिक्षात बसून घरी जाते.

एचबीचं सांगतो. दिवे बिलिरुबिन उतरवतात, आईची प्रतिपिंडं नाही. ती बाळाच्या रक्तात दोन-तीन महिने रेंगाळून पेशी फोडत राहतात. कावीळ संपते तिथून ॲनिमियाची पाळत सुरू होते. डिस्चार्जच्या वेळी हे तोंडी सांगायला हवं होतं. कार्ड कुणी वाचत नाही, मीही माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं वाचत नाही.

---

लॅबवाला

रक्तपेढीत वर न बघणारा तो माणूस माझाच भाऊबंद. आम्ही वर बघत नाही कारण खाली नळ्यांवरची नावं वाचत असतो.

ओ पेशी का? बाळाच्या अंगात आईची बी-विरोधी प्रतिपिंडं फिरतायत. बी रक्त दिलं तर तेही फुटणार. ओ पेशींवर फुटायला काही नाही. प्लाझ्मा एबीचा, कारण त्यात ए किंवा बी विरोधी काहीच नसतं. आणि ज्या प्रतिपिंडांपासून वाचायचं ती आईची, म्हणून जुळणी आईच्या नळीशी. सगळ्या बाबांनी लक्षात ठेवा, नवजात बाळाला रक्त आणायला जाताना दोन नळ्या, दोन्हींवर नाव. चार किलोमीटर वाचतील.

एक अवांतर. प्रत्येक 'ओ' हा ओच असतो असं नाही. १९५२ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो गट शोधला तो बॉम्बे गट. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या माणसाचा सीरम ओ पेशींनाही गुठळ्या करतो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. बाळंतपणात अशा बाईला रक्त लागलं तर फक्त बॉम्बेच चालतं. म्हणून उलटी तपासणी, म्हणजे सीरमची, न करणाऱ्या लॅबचा रक्तगट मी धरत नाही.

---

गुरुपुष्य

म्हणूनच आपले पूर्वज पत्रिकेत एकनाड बघत होते. नाडी म्हणजेच रक्तगट. एक नाड असेल तर संततीला त्रास. तेव्हा लॅब नव्हत्या, पण शास्त्र होतं.

---

लॅबवाला

गुरुपुष्य, नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रं, आद्य-मध्य-अंत्य अशा तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. जुळ्यांचं नक्षत्र बहुतेक वेळा एकच आणि म्हणून नाडही एकच, पण रक्तगट वेगळे असलेली जुळी मी स्वतः तपासली आहेत.

आणि गंमत म्हणजे नियम उलटा पडतो. नवरा-बायकोचा गट एकच असेल तर हा त्रास होतच नाही. दोघं ओ, तर बाळ ओ. दोघं बी, तर बाळ बी किंवा ओ, आईला दोन्ही चालतात. दोघं पॉझिटिव्ह, तर आरएचचीही, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचीही, चिंता नाही. 'सेम ब्लडग्रुप नको' म्हणून स्थळं नाकारणाऱ्यांनी सगळ्यात बिनधोक स्थळ नाकारलेलं असतं.

---

वडाची_पारंबी

आमचं लग्न 'दोघं बी पॉझिटिव्ह' म्हणून मोडता मोडता राहिलं होतं. हा प्रतिसाद प्रिंट काढून सासरी फ्रेम करून लावते.

---

ठाणेकर_आत्या

मला तुमच्यासारखं शास्त्रीय लिहिता येत नाही. सासूबाईंचं सांगते.

त्या वाई तालुक्यातल्या. पहिला मुलगा १९५५ चा, म्हणजे माझे यजमान. त्यानंतर तीन बाळंतपणं. पहिलं बाळ दोन दिवस जगलं, सासूबाई म्हणायच्या, "झेंडूसारखं पिवळं झालं होतं." दुसरं सुजलेलं जन्मलं, रडलंच नाही. तिसरं, १९६३ ला, आठव्या महिन्यात पोटातच गेलं. गावाने काय काय म्हटलं ते लिहवत नाही. सटवीने नेलं, बाहेरची बाधा, पांढऱ्या पायाची. एका देवऋष्याने त्यांच्या कपाळावर डाग दिला होता, तो शेवटपर्यंत होता. नणंदा त्यांच्या हातात आपली बाळं देत नसत.

१९९४ ला गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना पुण्याला नेलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांचा रक्तगट तपासला. ओ निगेटिव्ह. भूलतज्ज्ञ बाईंनी सहज विचारलं, मुलं किती? मी सांगितलं एक, आणि मग बाकीचंही सांगितलं. त्या बाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढून सासूबाईंना मराठीत सगळं समजावलं.

सासूबाईंनी ते कार्ड हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी उलटसुलट करून बघितलं. म्हणाल्या, "म्हंजे ह्ये कागदावर असतंय व्हय?" बस, एवढंच. घरी आल्यावर ते कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं.

---

बालवैद्य

आत्या, तुमचा प्रतिसाद ओपीडीत दोनदा वाचला.

पहिलं जगलं, दुसरं पिवळं, तिसरं सुजलेलं, चौथं पोटातच. आमच्या पुस्तकात हा क्रम असाच्या असा दिलेला असतो. दर खेपेला आईची हत्यारं धारदार होत जातात. आरएच घटक १९४० मध्ये माहीत झाला होता. १९६३ मध्ये न्यूझीलंडमध्ये डॉ. लिली यांनी पोटातल्या बाळाला रक्त देऊन दाखवलं. इंजेक्शन अमेरिकेत बाजारात आलं ते १९६८ ला. सासूबाईंची बाळंतपणं नेमकी या मधल्या काळातली, आणि वाई तालुक्यात तर यातलं काहीच पोचलेलं नव्हतं.

इंजेक्शनाशिवाय पॉझिटिव्ह बाळाच्या दर सहा निगेटिव्ह आयांमागे साधारण एकीत प्रतिपिंडं तयार व्हायची. अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक आणि बाळंतपणानंतर बहात्तर तासांत एक, असे दोन डोस दिले की हे प्रमाण हजारात एक-दोनवर येतं.

---

यारा_काठी

मेलबर्नहून. इथे हा विषय निघाला की जेम्स हॅरिसन यांचं नाव निघतंच. चौदाव्या वर्षी छातीचं मोठं ऑपरेशन झालं, बऱ्याच अनोळखी लोकांचं रक्त मिळालं. अठरा पूर्ण होताच, १९५४ मध्ये, रक्तदान सुरू केलं. पुढे कळलं की त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी भरपूर आहे. मग दर दोन-तीन आठवड्यांनी प्लाझ्मा देत राहिले. २०१८ मध्ये वयाच्या मर्यादेमुळे थांबवलं तेव्हा ११७३ वेळा झालं होतं. सुईकडे मात्र एकदाही बघायचे नाहीत, भीती वाटायची! २०२५ च्या फेब्रुवारीत गेले, ८८ वर्षांचे होते. चोवीस लाख बाळांचं श्रेय त्यांना देतात.

माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी ते इंजेक्शन घेतलं (मी बी निगेटिव्ह). कुपीत कुणाचा ना कुणाचा प्लाझ्मा होता, हे दुसऱ्या वेळेला कळलं.

---

आमटीभात

कोवळ्या उन्हाचं काय? आमच्याकडे अजून बाळाला सकाळी गॅलरीत धरतात. आणि बिलिरुबिन १८ असताना "ऊन दाखवा" सांगणारेही भेटलेत.

---

बालवैद्य

आमटीभात, १८ ला ऊन सांगणाऱ्याला तुम्हीच ऊन दाखवा.

पण उन्हाची गोष्ट अगदीच खोटी नाही. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाची नर्स अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात हवेवर न्यायची. एक दिवस तिने डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग फिकट, पण एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं, तिने काहीतरी चोपडलंय. तिथे चादरीचा कोपरा होता, तेवढ्या भागाला ऊन लागलं नव्हतं. त्यातून पुढे १९५८ मध्ये दिव्यांचा पहिला शोधनिबंध आला.

काम करतो तो निळा उजेड. उन्हात तो असतो, पण सोबत उष्णता आणि अतिनील किरणही असतात, आणि किती मिळाला हे मोजता येत नाही. गॅलरीत उघडं बाळ एकतर गारठतं नाहीतर तापतं. साध्या काविळीत दहा मिनिटं धरलंत तर मी भांडणार नाही. रक्तगटाच्या काविळीत दिवेच.

---

चिंगूस_मारवाडी

यात डांबरगोळ्याही लिहा. माझ्या पुतण्याला वाटलं होतं रक्तगटाचं, निघालं जी-सिक्स-पीडीची कमतरता (लाल पेशी जपणारं एक विकर कमी, मग डांबरगोळ्यांच्या वासानेही त्या फुटतात). ट्रंकेतली जुनी दुपटी न धुता वापरली होती, डांबरगोळ्यांच्या वासासकट.

---

कंदीपेढा

बापरे. आमच्याही ट्रंकेत आहेत, आत्ताच फेकल्या. लेकीची जी-सिक्स-पीडी नॉर्मल आली होती, तरी फेकल्या.

---

अबोली२२

मी ए निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह. विसावा आठवडा. दोन वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात गर्भपात झाला, तेव्हा इंजेक्शन घेतलं नाही. कुणी विचारलंच नाही. हे वाचून काल रात्रभर झोप नाही. आयसीटी (आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आलीय.

---

बालवैद्य

अबोली, आयसीटी निगेटिव्ह म्हणजे तुमच्या रक्तात हत्यारं तयार झालेली नाहीत. आज रात्री झोपा.

बारा आठवड्यांच्या आत गर्भपात झाल्यास अँटी-डीची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडचे बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ तरीही देतात. वाद आहे, पण तुमचा रिपोर्ट तुमच्या बाजूने आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आयसीटी पुन्हा, आणि ती निगेटिव्ह असेल तर लगेच इंजेक्शन. रक्त आधी काढायचं, सुई नंतर, हा क्रम चुकवू नका. मधेच पोटाला मार लागला किंवा रक्तस्राव झाला तर बहात्तर तासांच्या आत दाखवा. आणि जुन्या गर्भपाताचं कार्डावर स्वतः लिहून घ्या. तीन डॉक्टर बदलले की तोंडी इतिहास गळतो.

---

अबोली२२

धागा वर काढतेय, साडेचार महिन्यांनी.

रविवारी मुलगी झाली. ए पॉझिटिव्ह. अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं इंजेक्शन घेतलं होतं, बाळंतपणानंतरचं चौदा तासांत मिळालं. आदल्या आठवड्यात एका लॅबने आयसीटी "हलकी पॉझिटिव्ह" दिली आणि मी घरी रडून गोंधळ घातला. मग मॅडम म्हणाल्या, तो तुमच्या इंजेक्शनचाच अँटी-डी दिसतोय, चिठ्ठीवर इंजेक्शनची तारीख लिहिली नव्हती म्हणून लॅबला कळलं नाही. (लॅबवाले दादा, हे तुमच्या यादीत घाला.)

आज तिसरा दिवस. बिलिरुबिन ९.२, दिवे लागले नाहीत. कंदीपेढा, तुमच्या आईंची युक्ती मी दर तासाला करतेय, नाक, कपाळ, छाती. मघाशी नर्स म्हणाली, "ताई, आता पुरे. कावीळ जाईल, नाक मात्र कायमचं नकटं राहील."

---

कंदीपेढा

आईला वाचून दाखवलं. म्हणतेय, नर्सला सांग, माझ्या नातीचं अजून सरळ आहे.